तासाला सातशे मिली

आयसीयूत दर तासाला लघवी मोजतात. युरोमीटरमधला, म्हणजे लघवी मोजायच्या डब्यातला आकडा 30 मिलीच्या खाली गेला की सिस्टर मला हाक मारतात. त्या रात्रीची हाक मात्र उलट्या कारणासाठी होती. "मॅडम, पाच नंबरची बॅग परत भरली. या तासाला सातशे."

पाच नंबरला बाईकवरून पडलेला तरुण मुलगा होता. हेल्मेट नव्हतं. बाहुल्या पसरलेल्या, श्वास पूर्णपणे व्हेंटिलेटरचा. बॅगेतली लघवी नळाच्या पाण्यासारखी, रंग म्हणून नाही. मॅनिटॉल, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारं आणि लघवी वाढवणारं औषध, सकाळीच थांबवलं होतं, साखरही ठीक होती. रक्तातलं सोडियम आलं 161, फारच चढलेलं; लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा, 1.002, जवळजवळ पाणीच. डायबेटिस इन्सिपिडस, साखरेचा नव्हे तर पाणी धरून न ठेवता येण्याचा आजार, शंकाच नको.

मेंदूतला हायपोथॅलॅमस एडीएच हे संप्रेरक बनवतो, पिट्युटरी ते रक्तात सोडते आणि ते पोचलं की किडनी पाणी परत ओढून घेते. मेंदूच गेला तर निरोप बंद. मग धडधाकट किडनीसुद्धा पाणी नुसतं सोडत सुटते. आम्ही व्हॅसोप्रेसिन चालू केलं, म्हणजे तेच एडीएच, बाटलीतलं. सोबत राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, साधं पाणी. सोडियम उतरवणं भागच होतं; ते इतकं बिघडलेलं असताना ब्रेन डेथच्या चाचण्या करता येत नाहीत.

पहाटे त्याचे वडील दाराशी आले. "मॅडम, लघवी एवढी साफ होतेय. म्हणजे सुधारतोय ना?"

लघवी सुटली की पेशंट सुटला, असं नातेवाईक धरून चालतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. त्यांना खुर्चीत बसवलं. "काका, किडन्या उत्तम आहेत. पण त्यांना सांगणारा मेंदू आता काम करत नाही." त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं.

1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे सहा तासांच्या अंतराने दोन्हीदा चाचण्या झाल्या. नंतर अवयवदानाचा विषय काकांनीच काढला. एक किडनी आमच्याच डायलिसिसच्या एका पेशंटला मिळाली. ड्युटी संपली होती, तरी मी ओटीत जाऊन उभी राहिले.

सर्जननी धमनी जोडली, शीर जोडली. नसा, म्हणजे मेंदूचे निरोप नेणाऱ्या नर्व्ह, कोणी जोडत नाही, जोडता येण्यासारख्या त्या नसतातच. धमनीभोवती जाळीसारख्या असतात आणि काढतानाच कापल्या जातात. एरवी या सिंपथेटिक नसा किडनीला बरंच काही करायला लावतात: बीपी वाढवणारं रेनिन सोड, मीठ धरून ठेव, निरोपाचा जोर वाढला तर रक्तवाहिन्या आवळ. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार्डने 1859मध्येच दाखवलं होतं की प्राण्यात एका बाजूची नस कापली तर त्या बाजूची लघवी वाढते. पण नसांवाचून किडनी अडत नाही, नाहीतर 1954 साली बोस्टनमध्ये सर्जन जोसेफ मरेंचं किडनी प्रत्यारोपण यशस्वी झालंच नसतं. रक्त अडवणारा क्लॅम्प सुटला, राखाडी किडनी गुलाबी होऊन फुगली आणि मूत्रनलिकेच्या टोकाशी थेंब जमू लागले. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. मृत दात्याची किडनी कधीकधी आठवडाभरही गप्प बसते.

पहिले काही दिवस भरपूर लघवी झाली, साठलेला युरिया आणि आमची सलाइनं यांमुळे. मग एका सकाळी राउंडला बाटलीत चक्क पिवळी, दाट लघवी दिसली. रेसिडेंटला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र बाटली उचलून उजेडात धरली. ज्या किडनीने त्या रात्री माझ्यासमोर बॅगा भरल्या, ती आता या बाईंच्या मेंदूतून रक्तावाटे आलेलं एडीएच ऐकत होती. एकही नस न जोडता.

डिस्चार्जच्या वेळी त्यांच्या मुलाने विचारलं, "नवी किडनी बसवली, मग बीपीच्या गोळ्या अजून कशाला?" म्हटलं, थोडा दोष प्रत्यारोपणाच्या औषधांचा. शिवाय जुन्या किडन्या आपण काढलेल्या नाहीत, त्या जागच्या जागी आहेत आणि त्यांच्या नसाही शाबूत आहेत. काम शून्य, पण मेंदूकडे तक्रारी चालूच. मेंदू तिकडून बीपी चढवतो. "मग काढून टाका ना त्या!" तो म्हणाला. क्वचित काढतातही, पण ते दुसरं मोठं ऑपरेशन. सध्या गोळ्याच बऱ्या.