पेनड्राइव्ह ठीक, भांडण मशीनशी

अमळनेरच्या उन्हात माळ्यावरचा जुना डेस्कटॉप उतरवला. लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून घरचा सर्व्हर करायचा. फोटो, बाबांचे सातबारे, सगळं एका जागी. पण मशीन लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूटच, म्हणजे सुरूच, होईना. लॅपटॉपला तोच पेनड्राइव्ह झटक्यात चालतो, इथे मात्र काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर.

मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम म्हणजे बायोस, त्याचा नवा अवतार यूईएफआय. हे मशीन यूईएफआयच्या आधीचं, जुन्या बायोसवालं. त्याला जीपीटीवाला, म्हणजे नव्या पद्धतीने विभागलेला, पेनड्राइव्ह उमजत नाही. रुफसमध्ये (बूटचा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) एमबीआर ही जुनी पद्धत निवडून परत लिहिला. पुढच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टाचा नाद सोडून मागच्या काळ्या पोर्टात खोचला. आणि बायोसची लबाडी बघा, पेनड्राइव्ह 'रिमूव्हेबल'मध्ये दिसतच नाही, हार्ड डिस्कच्या यादीत दडून बसतो! तिथून त्याला वर घेतला, तेव्हा कुठे इन्स्टॉलर उघडला.

आणि लाइट गेली.

आली तेव्हा बायोसचं घड्याळ थेट २००९ च्या १ जानेवारीवर, बूट ऑर्डरही (आधी कशावरून सुरू व्हायचं तो क्रम) मूळ पदावर. आई दारातून, "जेवाले ये ना भाऊ!" मी मल्टिमीटर घेऊन, लाइट नसताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या सेलला चिकटलेलो. ३ व्होल्टचा सीआर२०३२ बटन सेल, काटा २.४ वर. घड्याळाच्या दुकानात नवा मिळाला. टाकला, सेटिंग टिकली, इन्स्टॉल झालं. वरण मात्र गार.

आता यूपीएस हवाय. त्याशिवाय आमच्याकडे सर्व्हर म्हणजे नुसती हौस. कुणाकडे जुना पडून असेल तर सांगा, बॅटरी मी टाकेन.