भिंतीला हात न लावता

तौक्ते वादळ मे 2021 मध्ये आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं, तेव्हा घरापुढचा पत्रा उडाला. पत्र्याचं एवढं काही वाटलं नाही. पण जाताना त्याने पुढच्या भिंतीतले दोन चिरे ओढून काढले, ते मात्र लागलं.

गुहागरहून वेळणेश्वरकडे जाताना रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला आमची वाडी आहे. घर पणजोबांच्या वेळचं. जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं. पावसाची झड पडवीत येते म्हणून बाबांनी कधीतरी लोखंडी अँगल थेट भिंतीत ठोकून तो पत्रा घातला होता. दरवर्षी बोल्टच्या कडेने तांबडं पाणी ओघळायचं आणि आम्ही दरवर्षी त्यावर सिमेंट थापायचो.

पत्रा गेल्यावर अंगण एकदम मोकळं दिसायला लागलं आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं. अंगणात बसायला एक लाकडी ओटा करायचा, ज्याला हल्ली सगळे डेक म्हणतात. त्याच्यावर पर्गोला, म्हणजे खांबांवर उभा, वरून फळ्यांचा उघडा मांडव. आणि मागच्या आगराचं, म्हणजे माडांच्या बागेचं, कुंपण एकदाचं नीट करून घ्यायचं. मोबाइलमध्ये फोटो जमवले, ठाण्याहून चार दिवसांची रजा काढून गावी गेलो आणि सुतारआबांना बोलावून ते दाखवले. फोटोत पर्गोल्याची एक बाजू घराच्या भिंतीवर टेकलेली होती.

आबांनी फोटो परत दिला. खिशातून सायकलची जुनी तार काढली आणि चिऱ्यांच्या सांध्यात घातली. तार वीतभर आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला पिठासारखी कोरडी तांबडी माती.

"ही भिंत वरून येणारं वजन घेते," ते म्हणाले. "तिला बाजूनं ओढलंस तर ती कशाला थांबेल? भिंतीला हात नाय लावायचा."

म्हणजे जे काही करायचं ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. हे एकदा ठरल्यावर निम्मा नकाशा आपोआप झाला. आमच्या घराला पन्हळ नाही, कौलांवरचं पाणी पागोळ्यांनी सरळ खाली येतं. ओटा घराला चिकटवला असता तर चार महिने पागोळ्या बरोबर फळ्यांवर पडल्या असत्या. म्हणून ओटा पागोळीच्या रेषेच्या एक हात बाहेर नेला. मधल्या पट्टीत खडी पसरली, म्हणजे शिंतोडेही उडत नाहीत. घरातून ओट्यावर जाताना एक लांब पाऊल टाकावं लागतं. पाहुणे विचारतात, मधे फट का ठेवलीत? पावसाळ्यात या, म्हणतो.

आईची हरकत वेगळीच होती. "मांडव घालशील, पण आमसुलं कुठे वाळवायची?" मे महिन्यात आमचं अंगण बसायसाठी नसतंच. कोकमाच्या साली रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा रसाची पुटं द्यायची. शेजारी फणसपोळीची ताटं, पलीकडे कुळीथ. मी जिथे सावलीचे फोटो बघत होतो, तिथे तिला ऊन हवं होतं. मग मांडव अंगणाच्या उत्तरेकडच्या तिसऱ्या हिश्श्यात गेला आणि बारा फूट बाय आठ फुटांचा झाला. मनात होता त्याच्या निम्मा. (आई त्याला मचाणच म्हणते. "मचाणावरून उतर, चहा झालाय.")

फोटोंतल्या पर्गोल्याची खरी गंमत पुढेच आहे. त्यावर उभ्या धारेच्या फळ्या असतात, एकीपासून दुसरी वीतभर अंतरावर. थंड देशांत सूर्य कायम तिरका, त्यामुळे फळीची सावली शेजारच्या फळीपर्यंत पोचते. आमचं गाव साडेसतरा अंशांच्या आसपास. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी गोळा होते. त्या वेळी उभ्या फळ्यांच्या पर्गोल्याखाली बसणं म्हणजे शिडीखाली बसणं. सावली हवी नेमकी तेव्हाच नाही. आपल्याकडे मांडवावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप का घालतात, हे मला घरचा मांडव लहानपणापासून बघूनही पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

शेवटी वरचा सांगाडा कायमचा आणि आच्छादन हंगामी असं ठरलं. लाकडाच्या तुळया, त्यांवर माणग्याचे बांबू आडवे, आणि दिवाळीनंतर झाप. मृगाच्या आधी झाप उतरवायचे. तेच मग पडवीच्या पश्चिमेकडच्या अंगाला झडीसाठी बांधायचे. झाप बांधायला सुंभ वापरला, तार नाही. तार खाऱ्या हवेत गंजते हे एक कारण. दुसरं कारण आबांचं: जोराचं वारं आलं तर सुंभ तुटावा, झाप जावेत, खांब राहावेत. पत्र्याच्या बाबतीत याच्या बरोबर उलट झालं होतं.

लाकूड विकत घ्यावं लागलं नाही. मागचा गोठा बसत आला होता, त्याच्या आईनाच्या तुळया होत्या. आगरात फणस उभा आहे, पण मालकीचं झाड असलं तरी सागवान, आईन, किंजळ, फणस ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. आणि त्या फणसाला हात लावायची परवानगी मला आईकडूनही मिळाली नसती.

जुनं लाकूड म्हणजे मुरलेलं लाकूड, पण त्यात खिळे असतात. पहिल्याच तुळईत करवतीचं पातं गेलं. मग मी बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि प्रत्येक तुळईवरून हळूहळू फिरवलं. चुंबक जिथे लटकन ओढलं जाई तिथे खडूची खूण. एका तुळईत सतरा निघाले. त्यांतले काही चौकोनी, लोहाराने घडवलेले, ते आईने डब्यात ठेवले आहेत. का, ते विचारू नका.

आबांनी प्रत्येक तुळईचा बाहेरचा पांढुरका थर तासून काढला आणि फक्त आतला गाभा ठेवला. वाळवी आधी पांढऱ्यात शिरते. सव्वा इंच जाडीच्या, चार इंच रुंद फळ्या निघाल्या. त्या ठोकताना मी चिकटून ठोका म्हणत होतो, दिसायला छान. आबांनी कानावरची पेन्सिल काढून दोन फळ्यांमध्ये धरली. एवढी फट प्रत्येक ठिकाणी. काम एप्रिलमध्ये चाललं होतं, लाकूड खडखडीत कोरडं होतं. जुलैमध्ये फळ्या फुगतात, जागा नसली तर एकमेकींना ढकलून कमान करतात. पुढच्या पावसात बघितलं, पेन्सिलीच्या जागी पोस्टकार्ड जेमतेम जात होतं.

स्क्रूच्या बाबतीत मात्र मी आबांचं ऐकलं नाही, आणि दुकानदाराचं ऐकलं. त्याने झिंकचा मुलामा दिलेले दिले, "काही होत नाही" म्हणाला. एका पावसात प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग, शाई सांडल्यासारखा. आईनाच्या लाकडात टॅनिन भरपूर, त्याला लोखंड लागलं की लाकूड काळं पडतं. वर खारा वारा. सगळे काढून स्टेनलेस स्टीलचे लावले, तेही 316 ग्रेडचे. 304 पेक्षा महाग पडतात, पण त्यात मोलिब्डेनम असल्यामुळे मिठाला जास्त टिकतात. समुद्रापासून आत घर असेल तर 304 चालतील. काळे डाग मात्र अजून आहेत. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, कारण आई वाचणार आहे.

खांबांचं आमचं दोघांचं भांडण झालं. आबांना जांभ्याचे तळखडे हवे होते, घराच्या खांबांसारखे, नुसते वर ठेवलेले. पण घराचे खांब कौलांच्या वजनाने दाबून राहतात, मांडवाला वजन कुठे? वारा तो उचलणारच. शेवटी अडीच फूट खड्डे ठरले, दोन फुटांवर कातळ लागला. मग कातळात भोकं पाडून गज बसवले, काँक्रीट ओतलं, त्यातून वर जाड लोखंडी पट्ट्या काढल्या आणि त्यांत खांब बोल्टने पकडले. खांबाचं बूड जमिनीपासून चार बोटं वर. तिथे पाणी साचत नाही, आणि वाळवीला चढायचं झालं तर तिची मातीची नळी उघड्यावर दिसते. खांब-तुळईच्या प्रत्येक कोपऱ्यात तिरका आधार दिला. आबांनी सगळं झाल्यावर खांबाला खांदा लावून ढकलून बघितला आणि काही न बोलता तंबाखू मळायला बसले. मी ते होकार समजलो.

बांबू वाडीतल्याच बेटातले, पाऊस संपल्यावर तोडलेले. कोवळे घेतले नाहीत, तीन-चार वर्षांचेच घेतले. तीन आठवडे पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, दगडाखाली बुडवून ठेवले. त्यातली साखर-पिष्ट पाण्यात उतरतं आणि भुंग्याला खायला काही उरत नाही. वास इतका सुटतो की वहिनीने माझे कपडे घरात घेऊ दिले नाहीत. नंतर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यातही बुडवले. पण हे मीठ पावसाने धुऊन जातं, म्हणून वरून काहीतरी तेल हवंच. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल आणलं. हातमोजे घाला असं तीन जणांनी सांगितलं होतं. मी घातलेही, पण घाम पुसताना मोज्याची कड मनगटावर टेकली. उतलं. आठ दिवस मनगटावर फोड आणि पंधरा दिवस काळी पट्टी, घड्याळासारखी.

राहिलं कुंपण. सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला, आणि तो कामात नाही, फोनवर. आगर सामायिक, सातबारावर चुलत भावांची नावं, एक बडोद्याला, एक पनवेलला. थोरल्याला चिऱ्यांचा सिमेंटमधला सरळ कंपाउंड हवा होता. उतारावर पाणी अडवणारी भिंत पावसात मागच्या पाण्याने फुगते. वाडीत अशी एक दोन वर्षांपूर्वी आडवी झालेली आहे, तिचा फोटो पाठवल्यावर तो गप्प झाला. आम्ही जुना गडगाच परत रचला. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. पाणी फटींतून निघून जातं, माती राहते. त्याच्या आतल्या अंगाला गिरीपुष्पाचे मनगटाएवढे दांडे पावसाच्या तोंडावर रोवले आणि त्यांना बांबू आडवे बांधले. दांडे मुळं धरतात, मग कुंपण कुजत नाही, वाढतं. पाला छाटून माडांच्या आळ्यात टाकायचा.

चाळीस दांड्यांपैकी सात फुटले नाहीत. मी दोष मातीला दिला, मग वाळवीला. आई काठी टेकत गेली, एकाला हात लावून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे उलटे रोवलेयस."

फाटकाच्या जागी पूर्वीसारखं बेडं केलं, दोन दगडी खांबांच्या भोकांतून सरकणारे तीन बांबू. वानरांना त्याचा काही उपयोग नाही, वानरांना कशाचाच नाही. शेजारची गाय मात्र पहिल्याच दिवशी खालचा बांबू शिंगाने सरकवून आत आली. आता त्याला सुंभाची गाठ असते, आणि ती सोडायला आई मला ठाण्याहून बोलावत नाही एवढंच.

यंदा झाप विणायला वाडीत एकच मावशी राहिली आहे. तिच्या शेजारी बसून मी दोन विणले. तिने ते हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि मांडवावर न चढवता आमसुलांखाली अंथरले.