टाकी, प्लेट आणि आरसी : आमची वाटचाल

‘कागदाशिवाय एकही गाडी इथून बाहेर पडलेली नाही’ असं मी दुकानाच्या बोर्डावर लिहून घेणार होतो. पेंटर म्हणाला, शेठ, हे वाचून गिऱ्हाईक बिचकेल. म्हणून बोर्डावर ‘सीएनजी किट फिटिंग, ट्यूनिंग, हायड्रो टेस्ट’ एवढंच आहे. उरलेलं इथे लिहितो.

घोडपदेवला गाळा घेतला २००१ साली. मी आणि माझा पार्टनर दोघंही लोअर परळच्या आयटीआयचे, मोटर मेकॅनिकचे. त्या काळी मुंबईत टॅक्सी म्हणजे पद्मिनी, आणि त्यातल्या निम्म्याअधिक डिझेलवर धूर ओकत फिरायच्या. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनावर आणायचे आदेश दिले आणि सगळी टॅक्सीलाइन एकदम हादरली. सीएनजी पुरवणारी महानगर गॅस कंपनी १९९५ पासून होती, पण पंप मोजके. ड्रायव्हर लोक रात्री रांगेत गाडी लावून सीटवरच झोपायचे. आज ज्यांना दोन तासांची रांग जड जाते त्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत.

आम्ही दोघं रांगेतल्या ड्रायव्हरांना गाठून काम आणायचो. पहिली गाडी आली मामांची. मामा पाटण तालुक्यातले. नाव वेगळं आहे, पण अख्खं स्टँड त्यांना मामाच म्हणतं. आमच्या फिटिंगवर त्यांचा विश्वास होता, आमच्या साबणावर मात्र कधीच नव्हता. लीकेज बघायला आम्ही ब्रशने साबणाचं पाणी लावायचो, आणि मामा खिशातून शाम्पूची पुडी काढायचे. वाटीत घोळ करायचा, स्वतः वाकून प्रत्येक जॉइंटला लावायचा आणि डोळे बारीक करून बुडबुडा शोधायचा. अजूनही तसंच करतात. पैसे देताना घासाघीस ठरलेली, पण उधारी एका पैशाची नाही.

हत्यारांबद्दल चार शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण हल्लीच्या पोरांना वाटतं हा धंदा लॅपटॉपचा आहे. टाकीत गॅस दोनशे बारने भरलेला असतो. टायरमध्ये हवा किती असते ते आठवा आणि मग पाइपाला हात लावा. हाय प्रेशरचा पाइप सहा मिलिमीटरचा, स्टीलचा, बिनजोडाचा. तो हाताने वाकवायचा नाही. आमचा बेंडर पहिल्या वर्षी घेतलेला आहे, दांड्याचा रंग केव्हाच गेला, पण त्यावर वाकवलेला पाइप कोपऱ्यात चपटा होत नाही. कटरने कापल्यावर तोंडाची कड साफ करायची, फेरूल, म्हणजे जोडातली कडी, सरळ बसवायची, आणि टाकीजवळ पाइपाला वेटोळी द्यायची. गाडी खड्ड्यात आपटली की धक्का त्या वेटोळ्यांनी घ्यायचा, जॉइंटने नाही. मुंबईच्या रस्त्यांवर हे कुणाला शिकवावं लागू नये, पण वेटोळी न देता सरळ ताणून टाकलेले पाइप मी दर महिन्याला बघतो. पाने टपारियाचे. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून. ‘अंदाजाने’ हा शब्द आमच्याकडे चहात साखर घालताना चालतो.

पद्मिनीवर मिक्सर किट बसवणं ही वेगळीच कला होती. कार्ब्युरेटरवर गॅस आणि हवा एकत्र करणारा मिक्सर, पेट्रोल बंद करायला सोलेनॉइड, आणि स्पार्कचं टायमिंग थोडं पुढे, कारण गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. प्लगचा गॅप कमी. हे जमलं नाही की बॅकफायर, आणि एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उडून बॉनेटला आतून लागायचं. पार्टनरचा कान यात फार तयार होता. नुसतं इंजिन ऐकून सांगायचा, टायमिंग अजून एक चिमूट. हे त्याचं श्रेय मी नाकारत नाही.

मधली वर्षं बरी गेली. सिक्वेन्शियल, म्हणजे इंजेक्टरने गॅस सोडणारे किट आले, शेजारचा गाळाही घेतला. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली तेव्हा पंपांवर गॅसचं प्रेशर कमी झालं आणि काही दिवस ड्रायव्हरांचे हाल झाले, तेवढंच.

मग आलं बीएस-सिक्स, गाड्यांच्या धुराचा नवा, कडक नियम.

१ एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस-सिक्सचीच विकायची असा नियम. ठीक आहे, हवा चांगली व्हायलाच हवी. पण बाहेरून किट बसवायची परवानगी होती बीएस-फोरपर्यंतच्या गाड्यांना. किटला एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, इंजिनाच्या क्षमतेनुसार. टाकीला नागपूरच्या पेसोची, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, लागते. ही दोन्ही जोडली की आरटीओ आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावर, सीएनजीची नोंद करतं. बीएस-सिक्ससाठी हा रस्ताच आखलेला नव्हता. म्हणजे शोरूममधून काल निघालेल्या गाडीला आम्ही कायद्याने हात लावू शकत नव्हतो, आणि जुन्या गाड्यांवर धंदा किती दिवस चालणार? त्यात लॉकडाऊन. माझ्याकडे कर्ज काढून भरलेला माल, खोक्यात बंद. वितरकाला म्हटलं परत घे. तो म्हणाला, नियम बदलेल, ठेवा. चेक मात्र त्याने वेळेवर टाकले.

या काळात ज्यांनी कंपनी फिटेड गाड्या विकल्या त्यांचं सोनं झालं. आमच्यासारख्यांना ‘बाहेरचं काम’ म्हणून हिणवणारे सेल्समन मी याच काळात पाहिले. आमच्याच कामावर वर्षानुवर्षं कमिशन खाल्लेली मंडळी ती.

२०२१ मध्ये एक गृहस्थ नवी कोरी गाडी घेऊन आले. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. म्हणाले, किट टाका, आरसीचं नंतर बघू. मी नाही म्हटलं. पार्टनरने मला बाजूला घेतलं. म्हणाला, भाड्याचे पैसे तू कुठून देणार आहेस? मी म्हटलं, विमा कंपनी उद्या क्लेम नाकारेल तेव्हा हा माणूस आपल्या दारात उभा राहील. तो म्हणाला, नियम काय पोटाला घालतात? गृहस्थ आमचं बोलणं ऐकत गाडीत बसून होते. शेवटी निघून गेले. दिवाळीनंतर पार्टनरही गेला. भांडण नाही, हिशेब चोख केला, अर्धी हत्यारं घेतली आणि पुलाच्या पलीकडे स्वतःचं दुकान टाकलं. बेंडर मी दिला नाही.

तो बीएस-सिक्सच्या गाड्या बिनधास्त करत होता. टाकीच्या टेस्टची तारीख असलेली प्लेट गाडीवर असल्याशिवाय पंपावर गॅस भरत नाहीत, मग त्याच्या गाड्यांवर प्लेटा कुठून आल्या हे मला विचारू नका. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. ‘तुमच्याच पार्टनरने करून दिलं, तुम्हाला का जमत नाही?’ असं तोंडावर विचारायचे. त्याचं दुकान आजही माझ्यापेक्षा जोरात चालतं, हेही लिहून ठेवतो.

आम्ही तगलो ते हायड्रोवर. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. पाणी भरून दोनशेच्या जागी तीनशेच्या वर प्रेशर देऊन बघतात आणि पास झाली की तारीख ठोकतात. लॉकडाऊनमध्ये टॅक्स्या उभ्या होत्या, त्या रस्त्यावर आल्या तेव्हा बऱ्याच टाक्यांच्या तारखा उलटून गेल्या होत्या. मामांनी स्टँडवर फिरून एकेकाला माझ्याकडे आणलं. टाकी उतरव, टेस्टिंगला पाठव, आली की चढव, शाम्पू लाव. मजुरी किरकोळ, पण रोजची. मामांनी यातही माझ्याकडून प्रत्येक गाडीमागे सूट काढून घेतली, ड्रायव्हरांसाठी.

अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राची अधिसूचना निघाली. साडेतीन टनांखालच्या बीएस-सिक्स पेट्रोल गाड्यांना सीएनजी, एलपीजी किट बसवायला परवानगी. आम्ही पेढे वाटले. पण गंमत बघा. त्याच वर्षी १ एप्रिलला राज्याने व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, गॅस ६० रुपये किलो झाला, आणि ऑगस्टमध्ये तोच ८६ वर. पेट्रोल १०६. नोव्हेंबरमध्ये गॅस ८९.५०. एवढ्या फरकासाठी किटवर पैसे कोण घालणार? शिवाय अधिसूचना निघाली म्हणजे किट हातात आले असं नसतं. प्रत्येक कंपनीला बीएस-सिक्सची मंजुरी नव्याने घ्यायची होती, त्यात आणखी महिने गेले. माझा जुना माल तसाच खोक्यात. पुढे एप्रिल २०२३ ला देशात निघणाऱ्या नैसर्गिक वायूच्या दराचं सूत्र बदललं, सीएनजी ७९ वर उतरला, तेव्हा कुठे फोन वाजू लागले.

आता थोडं सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करा, थोडं अंतर जाऊ द्या, मग गॅसवर घ्या. पेट्रोलचे पैसे वाचवायला वर्षानुवर्षं गॅसवरच चालवलेल्या गाडीचा पेट्रोल पंप जळतो, इंजेक्टर चिकटतात. १६ नोव्हेंबर २०२५ ला आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गेल कंपनीची मुख्य गॅसलाइन फुटली, वडाळ्याच्या गॅस केंद्राचा पुरवठा तुटला आणि पंपांवर गॅस नाही. माझ्याकडे नियमित येणाऱ्या गाड्या पेट्रोलवर धावल्या. बाकीच्या टो करून आल्या. त्यात पुलापलीकडच्याही होत्या. मजुरी पूर्ण घेतली. मामांच्या ओळखीनेही सूट दिली नाही.

त्याच वर्षी जानेवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्याने सात जणांची समिती नेमली. मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेल बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का, हे बघायला. आमच्या लाइनीत काहीजण खूश आहेत. मी दोनदा खूश होऊन पाहिलंय, २००१ ला आणि २०२२ ला, त्यामुळे माल भरलेला नाही. मुलगा म्हणतो ईव्हीचा कोर्स करतो. कर म्हटलं, फी स्वतः भर.

हायड्रोच्या गाड्या सकाळी दहाच्या आत आणा. टाक्या नेणारा टेम्पो अकराला निघतो, नंतर आलेली टाकी दुसऱ्या दिवशी जाते. आरसी आणि जुनं हायड्रो सर्टिफिकेट सोबत हवं, मोबाइलवरचा फोटो चालणार नाही.