एचपीव्ही लसीची प्रश्नावली वर्गमित्रांकडून भरून घेताना

नवी मुंबईत एमबीबीएसचे शिक्षण घेत असताना पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातील मॅडमच्या मार्गदर्शनाखाली मी एक लहानसा संशोधन प्रकल्प पूर्ण केला. एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरणारा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू. त्याच्या लसीबद्दल वैद्यकीय विद्यार्थ्यांना किती माहिती आहे आणि ती स्वतः घेण्याबद्दल त्यांना काय वाटते, हा त्याचा विषय होता.

सर्वाधिक वेळ एथिक्स कमिटीच्या मंजुरीत गेला. ‘तुम्ही लस घेतली आहे का?’ हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावरून मुलीच्या खासगी आयुष्याबद्दल तर्क लढवले जातात, त्यामुळे नाव, रोल नंबर किंवा ईमेल यांपैकी काहीही नोंदवले जाणार नाही, अशी लेखी हमी समितीने मागितली. मला ती मागणी अगदी रास्त वाटली. संमतीपत्र नव्याने लिहून आणि गूगल फॉर्ममधील ईमेलची नोंद बंद करूनच प्रश्नावली सर्वांना पाठवली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोग विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात, हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारले जात असल्याने बहुतेकांना पाठ होते. गाडी अडली ती व्यवहाराच्या प्रश्नांवर. लस घेतलेल्या स्त्रीनेही पुढे गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घ्यायची असते, कारण लस विषाणूच्या सर्वच प्रकारांपासून संरक्षण देत नाही, हे अनेकांच्या लक्षात नव्हते. डोसांबाबतचा गोंधळ मात्र समजण्यासारखा होता: वयाच्या पंधराव्या वर्षानंतर आपल्याकडे ०, २ आणि ६ महिने असे तीन डोस सांगितले जातात, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये वीस वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी एका डोसाचाही पर्याय मान्य केला. हाच विषाणू पुरुषांमध्ये घशाच्या आणि गुदद्वाराच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो आणि सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही लस मुलांनाही देता येते, तरीही वर्गातील कित्येक मुलांनी ही लस आपल्यासाठी नाही असेच नोंदवले, याचे मला फार वाईट वाटले.

शेवटच्या मोकळ्या रकान्यात एकीने लिहिले होते, ‘मला पटतं, पण घरी काय सांगू?’ त्याच आशयाची उत्तरे पुढेही येत राहिली. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतच्या पर्यायांत ही अडचण कुठेच पकडली गेली नव्हती, म्हणून मॅडमच्या सल्ल्याने त्या उत्तरांचे स्वतंत्र विश्लेषण केले. त्याच सुमारास मी ठाण्याला घरी हा विषय काढला, तेव्हा आईने विचारले, ‘लग्नाआधी कशाला गं?’ विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी घेतल्यास लसीचा सर्वाधिक उपयोग होतो, हे शांतपणे समजावून सांगितल्यावर पहिल्या डोसाला ती स्वतः माझ्याबरोबर आली.

प्रवेशाच्या वेळी हेपॅटायटिस बी लसीची चौकशी होते, तेव्हाच एचपीव्ही लसीची माहिती मुलामुलींना आणि पालकांना द्यावी, अशी शिफारस मी अहवालात केली. पालकांसाठीच्या मराठी पत्रकाचा मसुदा सध्या मॅडमकडे तपासणीसाठी आहे.