उपग्रह वेळेआधी उगवला

१० मे २०२४, शुक्रवार. सूर्यावरच्या ३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून लागोपाठ उद्रेक झाले होते, त्यामुळे चुंबकीय वादळ येणार हे ठाऊकच होतं. पण चुंबकीय वादळाची तीव्रता मोजणारा केपी निर्देशांक थेट ९ वर जाईल असं वाटलं नव्हतं. त्यापुढे मोजपट्टीच नाही. जग अरोराचे, म्हणजे आकाशातल्या रंगीत ध्रुवीय प्रकाशाचे, फोटो काढत होतं आणि आम्ही आमच्या उपग्रहाच्या कक्षेच्या गणितात डोकं घालून बसलो होतो.

त्या रात्रीच्या एका पासला, म्हणजे उपग्रह आमच्या केंद्रावरून जाताना, सिग्नल अंदाजापेक्षा काही सेकंद आधीच आला. नवीन आलेल्या मुलाने विचारलं, "सर, हवेने अडवलं तर उशीर व्हायला हवा ना?" रास्त शंका. साधारण ५०० किमी उंचीवर हवा नावालाच असते, पण ताशी २७ हजार किमी वेगाने धावणाऱ्या उपग्रहाला तीही जाणवते. ऊर्जा कमी झाली की कक्षा खाली येते. खालची फेरी छोटी आणि वेगही जास्त, म्हणून तो लवकर उगवतो. वादळात थर्मोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विरळ थर, तापून फुगतं, खालची दाट हवा वर चढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर याहून कितीतरी सौम्य वादळात, जेमतेम २१० किमीवर सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गेले होते.

खरी पंचाईत पहाटे झाली. एका जुन्या रॉकेटचा तुकडा आमच्या जवळून जाणार अशी सूचना आधीच होती, आणि आता टकरीची संभाव्यता एकदम घसरली. दोघातिघांचे चेहरे खुलले, मला मात्र धडकी भरली. दोन्ही वस्तू नेमक्या कुठे आहेत हेच धूसर झालं होतं. अनिश्चितता किलोमीटरांत पसरली की संभाव्यता आपोआप कमी दिसते. तुकडा मात्र येतच असतो.

थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाचं छोटं इंजिन, पेटवून बाजूला व्हावं, तर बाजू कोणती? त्यात हजारो उपग्रह घसरलेली उंची सावरायला आपापली कक्षा उचलत होते, म्हणजे त्यांचे अंदाजही शिळे. मी इंधन राखायचं ठरवलं. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून सौर पॅनल समोरच्या हवेला आडवे न ठेवता त्यांची कड पुढे येईल असे फिरवले, जादा पास मागून घेतले आणि जुनी मोजमापं टाकून दर पासनंतर कक्षा नव्याने काढली. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं: अंतर पुरेसं होतं.

वादळ ओसरल्यावर उंची परत मिळवायला थ्रस्टर चालवावा लागलाच. तेवढं इंधन मोहिमेच्या आयुष्यातून वजा.