आमची वाटचाल : डबा स्वस्त, खातरी महाग

कुडाळ एमआयडीसीतल्या गाळ्यात आम्ही हवेतली धूळ मोजणारे डबे जोडायला लागलो, तेव्हा आमचं गणित सोपं होतं. सेन्सर आणायचा, डबा जोडायचा, विकायचा. पहिल्या पावसाळ्यात मालवणहून एका हॉटेलवाल्यांचा फोन आला, "अहो, बाहेर धो धो पाऊस, आणि तुमचा डबा म्हणतो हवा खराब!"

त्यांचं बरोबर होतं. स्वस्त सेन्सर धुळीचं वजन करत नाही. छोटा पंखा हवा ओढतो, लेझरच्या उजेडात कण चमकतात आणि त्या चमकेवरून वजनाचा अंदाज बांधला जातो. आपल्याकडे हवेत मीठ. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ पाणी ओढून घेतं, कण फुगतो, जास्त चमकतो, आकडा चढतो. सरकारी केंद्रांवरची लाखांची यंत्रं आत येणारी हवा आधी गरम करून कोरडी करतात. आमच्या डब्यात ती सोय कुठली?

तेव्हापासून डबे आधी एका दांडीवर शेजारी शेजारी टांगतो. जो इतरांपासून फटकून वागेल तो बाद. पण सगळे डबे एकच आकडा दाखवू लागले तरी तो खरा असेलच असं नाही. सेन्सर एकाच जातीचे, खोडही एकच. म्हणून प्रयोगशाळेचं फिल्टरवालं यंत्र भाड्याने आणून शेजारी ठेवतो. २४ तासांत फिल्टरवर साचलेल्या धुळीचं वजन होतं, त्याच्याशी डब्याची २४ तासांची सरासरी ताडून पाहतो, उन्हाळ्यात वेगळी, पावसाळ्यात वेगळी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं अशाच सेन्सरसाठी आर्द्रता धरून केलेलं सूत्र आहे, पण ते तिथल्या हवेवर बेतलेलं. इथले गुणक इथेच काढावे लागले.

कुंभारीण माशी हा वेगळाच ताप. हवा आत जायच्या भोकात ती मातीचं घर बांधते आणि आकडा सपाट होतो. आता बारीक जाळी लावतो.

काजू कारखान्यांना आमचा डबा उपयोगी पडतो, कारण धुराचे कण बारीक असतात. पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, त्याच्या आसपास चढउतार नीट कळतात. चिरेखाणीची धूळ जाड, ती या सेन्सरला धड दिसतच नाही. त्यामुळे पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, रकाना आम्ही पडद्यावरून काढून टाकला. काही गिऱ्हाईकं त्यापायी दुसरीकडे गेली. खाणवाल्यांना आम्ही अजूनही फिल्टरचं यंत्रच भाड्याने घ्यायला सांगतो.