बाथरूमचं नूतनीकरण, नोंद 3: आधी ढाळ, मग टाइल्स

गेल्या तीन रविवारांत एकही वस्तू विकत आणली नाही, पण आराखडा मुळापासून बदलला. मागच्या नोंदीतले टाइल्सचे नमुने कपाटात गेले. कारण एक मग पाणी.

जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावरच नवी टाइल चिकटवायची, असा बेत होता. तोडफोड नाही, राडारोडा नाही. सहज म्हणून दाराशी मगभर पाणी हळूच ओतलं आणि तिथेच बसून राहिलो. निम्मं पाणी नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याकडे) गेलं, उरलेलं मधोमध थबकलं. तळहाताएवढं डबकं. त्याच्या कडेने खडूची रेघ मारली, तासाभराने तिच्या आत दुसरी. तीन तासांनीही आतल्या रेघेत ओल होतीच. इतकी वर्षं त्या जागी काळपट डाग का पडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली. (नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय ना, हे दर वेळी बघा.) दारापासून ट्रॅपपर्यंत ढाळ निघाला फक्त 11 मिमी.

आता ढाळ किती हवा? बाथरूम 246 सेमी लांब, 150 सेमी रुंद. दाराकडचा 156 सेमी भाग कोरडा, खिडकीकडचा 90 सेमी शॉवरचा. कोरड्या भागात 1:100 (म्हणजे 100 सेमीला 1 सेमी उतार) धरला तर 16 मिमी. ट्रॅप कोपऱ्यात असल्याने शॉवरच्या भागातलं सगळ्यात लांबचं टोक कर्णाने 175 सेमीवर येतं. तिथे 1:80 धरला की 22 मिमी. एकूण 38. आहेत 11, म्हणजे दाराशी 27 मिमी चढवावं लागणार. त्यावर वॉटरप्रूफिंग 2, चिकटवणारा थर 5, टाइल 9. झाले 43 मिमी. आणि बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा जेमतेम 25 मिमी खाली आहे! बाथरूमच बाहेरच्या खोलीपेक्षा 18 मिमी उंच झालं असतं आणि पाणी सरळ दाराबाहेर आलं असतं. उंबरा वाढवून हे झाकता आलं असतं, पण रोज ठेच लागेल असा उंबरा मला नको. फरशी फोडायचं ठरलं. मनापासून सांगतो, हे कागदावर कळलं याचा फार आनंद झाला.

भिंतींचंही असंच. लांबी एका बाजूने 246, दुसऱ्या बाजूने 243.6 भरली. कोपऱ्यातून एका भिंतीवर 60 सेमी, दुसरीवर 80 सेमीची खूण करून तिरकं अंतर मोजलं. काटकोन असता तर बरोबर 100 आलं असतं, आलं 100.8. खिडकीची भिंत तिरकी आहे. 30 सेमीच्या टाइल्स दारापासून अख्ख्या लावत गेलो असतो, तर 2 मिमीचे सांधे धरून आठ टाइल्सनंतर एका टोकाला 4.4 आणि दुसऱ्या टोकाला 2 सेमीची पाचर उरली असती. ती कापताना तुटते आणि बसली तरी डोळ्यांत खुपते. म्हणून दाराशीच 17.2 सेमीचा तुकडा घेऊन सुरुवात करायची, मध्ये सात अख्ख्या, आणि शेवटी 17.2 पासून 14.8 पर्यंत उतरणारा तुकडा. एवढ्या रुंद तुकड्यात तिरकेपणा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शॉवरच्या भागात ट्रॅपपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्णावर एक काप द्यावा लागेल, कारण तिथे ढाळ दोन दिशांनी येतो आणि टाइल काही वाकत नाही.

कमोड हलवायचा विचार सोडला. मोठ्या पाइपलाही ढाळ लागतो, आणि तो मिळवायला पुन्हा फरशीची उंची वाढवायची म्हणजे वरचं सगळं गणित पाण्यात. वर्तमानपत्रातून कमोड आणि बेसिनचे आकार कापून जमिनीवर मांडले, स्टुलावर बसून पाहिलं. कमोडच्या मध्यापासून बाजूला 38 सेमी आणि समोर 53 सेमी मोकळे मिळाले की गुडघे-कोपर आपटत नाहीत. माझ्याकडे समोर 82 उरतात. ज्यांना नवा कमोड घ्यायचाय त्यांनी भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजताना नव्या टाइलची आणि गिलाव्याची जाडी वजा करायला विसरू नये.

वॉटरप्रूफिंगचा क्रम वहीत लिहून ठेवलाय: कोपऱ्यांत सिमेंटची गोलाई, मग पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. शॉवरच्या भिंतींवर 1.8 मीटरपर्यंत, बाकी भिंतींवर 30 सेमी. त्यानंतर ट्रॅप बंद करून 48 तास पाणी तुंबवायचं. घाई झाली तर बाकी कुठेही तडजोड करीन, या 48 तासांत नाही. पाइपांची दाबचाचणी त्याच्याही आधी, आणि भिंती बुजवण्यापूर्वी टेप धरून फोटो.

काल शेवटचं काम केलं: त्याच नळीने चारही भिंतींवर लेव्हलची लाल रेघ मारली, दाराशी बाहेरच्या फरशीपासून बरोबर 1 मीटरवर. फरशी फुटल्यावर मापाला तेवढीच एक खात्रीची गोष्ट उरेल. येत्या रविवारी ट्रॅपभोवतालच्या चारच टाइल्स उचलणार. खाली कोबा (टाइल्सखालचा काँक्रीटचा थर) किती जाड आहे आणि ट्रॅप किती खाली नेता येईल, हे पाहिल्याशिवाय पाचव्या टाइलला छिन्नी लावायची नाही.